तुलनेच्या गटातल्या बायका

नाहूरच्या आमच्या वस्तीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर बैठक होती. व्हिनेगर लावून करायच्या तपासणीबद्दल मी सांगत होते. ही तपासणी मुंबईच्याच झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायकांच्या सहभागानं पारखली गेली, असं मी जरा अभिमानानंच म्हटलं. मागून एक मावशी म्हणाल्या, "सगळ्यांना तपासलं का गं?" नाही, निम्म्यांना. "मग बाकीच्यांचं काय झालं?"

हा प्रश्न आपण चळवळीतल्या बायकांनीही पुरेसा विचारलेला नाही.

टाटा मेमोरियल सेंटरनं डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ साली हे संशोधन सुरू केलं. अमेरिकन सरकारचा पैसा त्यात होता. वस्त्यांचे २० गट पाडले आणि कोणता गट कुठं जाईल ते नशिबावर सोपवलं. दहा गटांतल्या ३५ ते ६४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासलं. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर दहावी शिकून चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केलं. सौम्य व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, दोष असलेला भाग पांढरा दिसतो. दुसऱ्या दहा गटांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती दिली आणि मोफत पॅप तपासणीची चिठ्ठी दिली. पण त्यासाठी हॉस्पिटल गाठायचं ज्याचं त्यानं. रोजंदारी बुडवून, नवऱ्याला विचारून, कितीजणी गेल्या असतील?

२०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासलेल्या गटात या कॅन्सरनं ६७ बायका दगावल्या, तुलनेच्या गटात ९८. मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. हा निकाल मोठाच आहे. डॉक्टर आणि प्रयोगशाळा नसलेल्या गावातही बाई वाचू शकते, हे त्यानं सिद्ध केलं.

पण मुंबईसारखेच प्रयोग उस्मानाबाद आणि तामिळनाडूतल्या दिंडिगुल इथंही झाले. तिन्हींच्या तुलनेच्या गटांत मिळून २५४ बायका गेल्या. अमेरिकन डॉक्टर एरिक सुबा यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. पॅप तपासणी जीव वाचवते हे जगाला कित्येक दशकं माहीत होतं, मग या बायकांना विनातपासणी का ठेवलं? संशोधकांचं उत्तर असं, की भारतात गरीब बाईला एरवीही काही मिळत नाही, तेव्हा 'काहीच नाही' याच्याशीच तुलना योग्य.

मला हे उत्तर पटत नाही. गरिबीमुळे जे मिळत नाही, त्यालाच विज्ञानाची मोजपट्टी करायची? हेलसिंकी जाहीरनामा सांगतो, की नव्या उपायाची तुलना सिद्ध झालेल्या उत्तम उपायाशी व्हावी.

मात्र संशोधनच नको, असंही मी म्हणणार नाही. नीट निदान न करता उपाय लादले की काय होतं ते बीडमध्ये दिसलं. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या ऊसतोड बायकांना कॅन्सरची भीती घातली गेली आणि त्यांच्या पिशव्या काढल्या गेल्या. पारख हवीच. पण ती आपल्याला सांगून, विचारून हवी. १९८५ साली पटनचेरूमध्ये नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीच्या वेळी स्त्री शक्ती संघटनेनं बायकांना फक्त खरी माहिती दिली, तर त्या उठून निघून गेल्या. संमतीचा अर्थ त्या दिवशी कळला.

आणि निकालाचं पुढं काय झालं? २०१६ साली सरकारनं ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करण्याचं धोरण काढलं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही. ज्यांच्या जिवावर पुरावा उभा राहिला, त्यांच्याच लेकीसुनांपर्यंत तो पोचला नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून. 'तुम्ही कोणत्या गटात, तुम्हाला काय मिळणार नाही' हे आधी स्पष्ट सांगा. नैतिक समितीत वस्तीतली बाई घ्या. आणि जे सिद्ध झालं ते आमच्या आरोग्य केंद्रात आणा.

मावशींना मी आकडे सांगितले. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांची नावं कुठं लिहून ठेवलीत का?"