लस होती, यादी नव्हती

देवीची लस मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. एकाच्या दंडावरच्या फोडातला द्राव दुसऱ्याच्या दंडाला लावत बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ही लस मुंबईपर्यंत आली होती. तिथून ती पुण्याला पोचली, देशभर गेली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मात्र सापडला मे १९७५ मध्ये. म्हणजे लस हाताशी असताना १७३ वर्षे हा रोग माणसे मारत आणि आंधळी करत राहिला. एकट्या १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना देवी आल्या, ३१ हजारांवर माणसे दगावली.

लस उन्हात खराब व्हायची, हे एक कारण होतेच. ती अडचण गोठवून वाळवलेल्या लशीने सुटली. दोन टोकांची सुई आली. लशीत बुडवली की दोन टोकांच्या बेचक्यात नेमका एक थेंब अडकायचा, आणि दंडावर एवढ्याशा जागेत पंधरा वेळा टोचले की काम झाले. थोड्या सरावाने कोणालाही जमेल असे ते काम होते. पण खरा अडसर वेगळाच होता. देवी काढणारे कर्मचारी किती जणांना टोचले याचा आकडा वर पाठवत. आकडा भरायला शाळेतली मुले सोपी, म्हणून त्यांनाच पुन्हापुन्हा टोचले जाई. कडेवरची पोरे आणि कामासाठी भटकणारी कुटुंबे राहून जात.

१९७३ च्या अखेरीस देवी-निर्मूलन मोहिमेची पद्धत बदलली. देवी आलेल्या मुलाचे छायाचित्र हातात घेऊन कर्मचारी घरोघर विचारू लागले, ‘असे कोणी आजारी आहे का?’ रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस. पुढे तर रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस लागले. हे साधले, कारण देवीचा रोगी अंगावर फोड येण्याआधी सहसा रोग पसरवत नाही आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही बहुधा वाचवते.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाने यातली टाटानगरची, म्हणजे जमशेदपूरची, हकिकत जरूर जाणून घ्यावी. १९७४ मध्ये दूरदूरच्या गावांतल्या साथींचा माग काढता काढता पथके जमशेदपूरला पोचली. कारखान्यांच्या त्या शहरात पोटासाठी आलेले मजूर आजारी पडले की रेल्वेने घर गाठत आणि रोग सोबत नेत. जागतिक आरोग्य संघटनेचे तरुण डॉक्टर लॅरी ब्रिलियंट टाटा स्टीलचे रुसी मोदी यांच्याकडे गेले. कंपनीने डॉक्टर दिले, पर्यवेक्षक दिले, गाड्या दिल्या आणि शहराबाहेरच्या खेड्यापाड्यांतही शोध चालवला. जे मजूर आपल्यासाठी राबतात त्यांच्या आजाराची जबाबदारी आपली, हे कंपनीने मानले. मला हा त्या मोहिमेतला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

आता आपल्याकडेच पाहा. ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. महामार्गालगत टॉवर उठले आणि प्रत्येक साइटच्या मागे पत्र्याच्या खोल्या. तिथे मराठवाड्याची माणसे आहेत, बिहार-झारखंडचीही. स्लॅब संपले की मुकादम सगळ्यांना पुनावळ्याला हलवतो, नाहीतर चाकणला. बाळाचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर गावी होतो, कार्ड तिथेच ट्रंकेत राहते, आणि दुसऱ्या डोसच्या वेळी, सोळा ते चोवीस महिन्यांत, आई इथे विटा उचलत असते. आशाताईंच्या वहीत ही खोली नसते, कारण ती गेल्या महिन्यात उभी राहिली. याला आई-बापांचा निष्काळजीपणा म्हणणे साफ अन्यायाचे आहे. एका दिवसाची हजेरी बुडवून दवाखाना शोधायचा, तोही अनोळखी शहरात!

गोवर तर देवीपेक्षा अवघड. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरत असतो, म्हणून रुग्ण सापडल्यावर धावायला बहुधा उशीर झालेला असतो. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना आधीच दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने मुले गेली, तेव्हाही लस सरकारी दवाखान्यात फुकटच होती.

साइटवर सिमेंटची गोणी आत आली तरी गेटवर नोंद होते. तशी मुलांची का होऊ नये? पन्नासहून अधिक महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, असे बंधन कायद्याने १९९६ सालीच घातले होते. पाळणाघर असेल तर यादी आपोआप तयार होते. नसेल तिथे ती ठेकेदाराने करावी आणि महापालिकेने दर महिन्याला मागून घ्यावी. सोसायट्यांच्या अध्यक्षांनाही विनंती आहे: तुमच्या भिंतीपलीकडच्या खोल्यांत किती लहान मुले आहेत ते या रविवारी जाऊन पाहा, नावे आणि वये लिहा आणि कागद जवळच्या महापालिका दवाखान्यातल्या सिस्टरच्या हाती द्या.