न वाचता दिलेली परवानगी

ठाण्यास टेंभी नाक्यावर एक गृहस्थ आपल्या मोबाइलवर कर्जाचे ॲप उतरवून घेत असता आम्ही परवा पाहिले. मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. पडद्यावर एकामागून एक चौकटी उमटत होत्या: संपर्क यादी पाहू द्या, छायाचित्रे पाहू द्या, ठिकाण कळू द्या. प्रत्येक चौकटीवर ते मुकाट्याने होकार दाबीत होते. मजकूर इंग्रजीत होता. आम्ही हटकले तेव्हा म्हणाले, “नाही दाबलं तर पुढं जात नाही, साहेब.”

सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उमटविणाऱ्या आमच्या आजोबांचीही हीच अडचण होती. नकार दिला तर धान्य मिळत नसे. तेव्हा निदान जमीन जाई ती स्वतःची. येथे मात्र संपर्क यादीतील शेकडो माणसांचे क्रमांक एका होकारासरशी परक्याच्या हाती जातात, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. हप्ता चुकला की नातेवाइकांस, शेजाऱ्यांस शिवीगाळ करणारे फोन जातात, विकृत केलेली छायाचित्रे पाठविली जातात. अब्रूच्या भयाने माणसे जिवास मुकली आहेत. आमच्या कुटुंबांच्या फोनमध्ये तर जातीच्या दाखल्याचे छायाचित्र असते, वैधता प्रमाणपत्र असते, विहाराचा समूह असतो. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा कसा पालटतो हे ज्यांनी अनुभविले आहे, त्यांना ही माहिती कोणाच्या हाती पडावी आणि कोणाच्या नाही, हे वेगळे सांगावयास नको.

बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असा मूलभूत हक्क मागितला होता. घटनेत तो त्या रूपाने आला नाही. १९५४ व १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात तो एकमताने मूलभूत हक्क ठरविला. सत्तर वर्षे लागली!

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच कर्जाच्या ॲपांस संपर्क यादी, फाइली व कॉलची नोंद यांना हात लावण्यास मनाई केली. कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांची परवानगी केवळ ओळख पटविण्यापुरती, एकदाच आणि स्पष्ट संमतीने घेता येते. म्हणजे जे ॲप संपर्क यादी मागते, ते मागतानाच नियम मोडीत असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर असेच उदाहरण दिले आहे: वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपला संपर्क यादीची आवश्यकता नाही, म्हणून रुग्णाने होकार दिला तरी तो तेवढ्यापुरता संमती ठरत नाही. संमतीची मागणी आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, वाचण्याची सोय असली पाहिजे असेही तो कायदा सांगतो. परंतु नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीविषयक कलमे अंमलात यावयास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत! शिवाय सरकारने स्वतःच्या यंत्रणांस सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे, ती आम्हांस मुळीच मान्य नाही.

तोवर एवढे तरी करता येते. दिलेली परवानगी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घेता येते. ज्या विहारांत रविवारी वंदनेनंतर मंडळी बसतात, तेथे कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांचे फोन घेऊन कोणते ॲप काय पाहते ते त्यांना दाखवावे; मात्र वाचून दाखवावे, परस्पर दाबू नये.

टेंभी नाक्यावरच्या त्या गृहस्थांस आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, संपर्क यादीची परवानगी काढली. ॲप मात्र ठेवले. फी सोमवारपर्यंत भरावयाची होती.