दावा ऊर्जेचा, कसोटी मोजमापाची

नांदेड, प्रतिनिधी : नवा वीजमीटर ‘जास्त पळतो’, ही तक्रार नांदेड-लातूरकरांना नवी नाही. तिचा निवाडा कंपनीच्या आश्वासनाने होत नाही, तसा ग्राहकाच्या संतापानेही होत नाही. त्याच लाइनवर दुसरा तपासणी मीटर बसवून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्या लागतात. हाच नियम विज्ञानातील एका मोठ्या वादालाही लागू पडतो.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या शास्त्रज्ञांनी ‘कोल्ड फ्यूजन’चा दावा केला. जड पाण्यात बुडवलेल्या पॅलेडियम धातूत वीज सोडली असता खर्चापेक्षा अधिक उष्णता मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने असे प्रयोग झाले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचे तेथील गटांनी त्याच वर्षी नोंदवले. प्रचलित सिद्धान्तानुसार ही दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात निघायला हवीत. प्रत्यक्षात ट्रिटियम लाखो पटींनी अधिक भरले. त्यामुळे मूळ साहित्यातच ट्रिटियमची भेसळ नव्हती ना, हा प्रश्न कळीचा ठरला.

उष्णतेच्या मोजणीतही अडचणी होत्या. पाणी नीट ढवळले नाही, वायू पुन्हा एकत्र येऊन उष्णता निर्माण झाली किंवा आत जाणाऱ्या विजेची नोंद किंचित चुकली, तरी ‘जादा’ ऊर्जेचा भास होतो. दावा चार टक्क्यांचा आणि मोजणीतील चूकही तेवढीच असेल, तर निष्कर्ष निघत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९८९ आणि २००४ अशा दोन्ही वेळी पुरावा अपुरा ठरवला. गुगलच्या अर्थसाह्याने झालेल्या फेरतपासणीतही २०१९ पर्यंत काही हाती लागले नाही. त्याच तपासणीतील एका गटाने २०२५ मध्ये कॅनडात वेगळ्या उपकरणात संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. पण खर्ची पडलेल्या विजेच्या तुलनेत मिळालेली ऊर्जा नगण्य असल्याचे त्यानेच स्पष्ट केले. विश्वास बसतो तो अशा कबुलीने.

संस्थेचे नाव मोठे असले म्हणून नोंद खरी ठरत नाही. मोजणी कशाने केली, चूक किती संभवते आणि दुसऱ्या कोणी ती पडताळली का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘स्वस्त ऊर्जे’च्या कोणत्याही दाव्यावर पैसा लावणे धोक्याचेच ठरेल.