दिवस कोणाच्या सोयीने उगवतो?

शुश्रूषागृहात किंवा वृद्धाश्रमात राहणाऱ्यांचे जीवनमान आणि त्यांना मिळणाऱ्या सेवेचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शय्याव्रण नाही, रक्तदाब आटोक्यात आहे, वजन घटलेले नाही, अशा सगळ्या नोंदी चोख असलेले आजोबाही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असू शकतात. अमेरिकेत या फरकाला कायद्यात जागा मिळाली ती १९८७ मध्ये. आदल्याच वर्षी ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या समितीने तेथील शुश्रूषागृहांच्या उणिवा मांडल्या होत्या. त्यानंतरच्या सुधारणा कायद्याने शारीरिक, मानसिक आणि मनोसामाजिक स्वास्थ्य शक्य तितके वरच्या पातळीवर राखणारी सेवा बंधनकारक केली. पुढे मिनेसोटा विद्यापीठातील रोझली केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवनमानाची ११ अंगे ठरवून रहिवाशांनाच विचारता येईल अशी प्रश्नावली तयार केली. तिच्यात सुरक्षितता आणि आराम आहेतच. शिवाय खासगीपणा, नातेसंबंध, आनंद, स्वायत्तता आणि स्वतःचे वेगळेपण यांनाही जागा आहे. आपल्याकडच्या नोंदवह्यांत बहुधा पहिल्या दोहोंनाच रकाना असतो.

स्वायत्ततेविषयीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा. तो कनेक्टिकटमधील एका शुश्रूषागृहात झाला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगण्यात आले, की खोलीची मांडणी आणि दिवसाचा वेळ त्यांच्याच हाती आहे. प्रत्येकाने हवे तर एक रोप निवडून घ्यायचे आणि त्याची निगा स्वतः राखायची. चित्रपट गुरुवारी पाहायचा की शुक्रवारी, हेही त्यांनीच ठरवायचे. दुसऱ्या मजल्यावर रोपेही होती आणि चित्रपटही होता. मात्र रोप हातात दिले गेले, पाणी परिचारिका घालत होत्या आणि चित्रपटाचा वार संस्थेने ठरवला होता. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक सतर्क, हिंडताफिरता आणि समाधानी आढळला. दीड वर्षानंतर त्या गटातील मृत्यूही कमी दिसले; पण संख्या लहान होती आणि त्या फरकाचे संख्याशास्त्रीय वजन नंतरच्या दुरुस्तीत बरेच घटले. म्हणून मृत्यूंचा दाखला जपूनच द्यावा.

व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा अभ्यास मात्र त्याच वर्षीचा, रिचर्ड शुल्झ यांचा आहे. विद्यार्थी वृद्धांना भेटायला जात. काही वृद्धांना भेटीची वेळ आणि लांबी ठरवता येई, काहींना ती आधी कळवली जाई, काहींकडे विद्यार्थी अचानक येत, तर काहींकडे कोणीच येत नसे. पहिल्या दोन गटांची प्रकृती आणि उमेद सुधारली. अभ्यास संपला, विद्यार्थी गेले. पुढील काही वर्षांच्या पाहणीत याच दोन गटांची घसरण झाली; उरलेले दोन जिथल्या तिथे राहिले. दिलेला आधार काढून घेतल्याने माणूस आधीपेक्षा खाली जाऊ शकतो, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील वृद्धाश्रमांत महाविद्यालयांची पथके येतात, वाढदिवसाला किंवा पितृपक्षात जेवण घालणारी कुटुंबे येतात. हेतू चांगलाच असतो. पण आजींना नाव विचारून, फोटो काढून गेलेली मुलगी पुन्हा येणार की नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. भेटीचा वार ठरलेला असावा, खोलीतल्या कॅलेंडरवर तो दिसावा, आणि येणारी व्यक्ती थांबणार असेल तर निरोप घेऊन तिने दुसऱ्याची ओळख करून द्यावी. इतके न झेपणाऱ्या उपक्रमाला नकार देणे संस्थेच्या हिताचेच आहे.

रोजच्या दिवसाचे वेळापत्रक हा सर्वांत दुर्लक्षित भाग. रात्रपाळी संपण्याआधी आंघोळी उरकायच्या म्हणून रहिवाशांना पहाटेच उठवले जाते. थंडीच्या दिवसांत ओल्या केसांनी चहाची वाट पाहत बसलेल्या आजींची तक्रार कोणत्याच वहीत चढत नाही. केन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रहिवाशांनी महत्त्वाच्या म्हणून सांगितलेल्या गोष्टी अशाच होत्या: उठण्या-झोपण्याची वेळ, जेवण, खोलीतला सोबती, स्वतःचे पैसे, फोन, बाहेर फेरफटका. निम्म्या आंघोळी सकाळच्या पाळीकडे दिल्या तर खर्च फारसा वाढत नाही; पाळ्यांची वाटणी मात्र नव्याने करावी लागते, आणि ते काम व्यवस्थापकाचे आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना विचारून काय उपयोग, हा समज चुकीचा आहे. रिबेका लॉग्सडन यांची १३ प्रश्नांची मोजपट्टी सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशातही वापरता येते. अशा अभ्यासांत नातेवाईक आणि कर्मचारी जे गुण देतात ते रुग्णाने स्वतः दिलेल्या गुणांपेक्षा बहुधा कमी असतात. म्हणजे दुसऱ्याचे मत हे पूरक म्हणून घ्यावे, बदली म्हणून नव्हे. ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्या बाबतीत चेहरा, हालचाल, जेवणाची इच्छा आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद यांचे निरीक्षण उरते. ते रोज जवळ असणारी मावशीच करू शकते.

इथेच ब्युरोतून येणाऱ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांची अडचण येते. शक्य तितके तेच हात त्याच रहिवाशांकडे ठेवावेत. मावशी किंवा मामा बदलणारच असतील, तर चहात साखर किती, कोणत्या कानाने ऐकू येते, कवळी रात्री कुठे ठेवतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, ही माहिती फाइलच्या पहिल्या पानावर, औषधांच्या तक्त्याशेजारी लिहिलेली असावी आणि पाळी बदलताना ती तोंडीही सांगितली जावी.