शेतावर दिला म्हणे

'शेतावर दिला' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ओळखीत कुणाकडे तरी छान गुबगुबीत पिल्लू येतं, सहा-आठ महिने त्याचे फोटो फिरतात आणि मग एकदम फोटो बंद. विचारलं की उत्तर ठरलेलं. "अगं, फार भुंकायला लागला होता, शेतावर दिला. तिथे मस्त मोकळा हिंडतो." या शेतांचा पत्ता मात्र कुणी सांगत नाही. पुण्यातून गेलेली सगळी कुत्री खरंच शेतावर पोचली असती, तर मुळशीपासून वाईपर्यंत पिकाला जागा उरली नसती. असो.

हे आत्ता लिहायला निमित्त आमचा गुंड्या. वय पाऊण वर्ष, जात अस्सल गावठी, मुक्काम कोथरूड, तिसरा मजला. आला तेव्हा इतका गप्प होता की सासूबाईंना वाटलं, मुका आहे. त्यांच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. त्यातली चार कुत्री इतकी वर्षं शांतपणे उभी असल्याने कुत्र्याबद्दलच्या त्यांच्या अपेक्षा जरा उंच आहेत. आठव्या महिन्यात गुंड्याला कंठ फुटला. बेल वाजली, भुंकला. कुकरची शिट्टी झाली, भुंकला. समोरच्या भिंतीवर मांजर बसलं, मग तर विचारूच नका.

खालच्या मजल्यावरच्या काकांचं मध्यंतरी हृदयाचं ऑपरेशन झालंय. दुपारी झोप घ्यायला डॉक्टरांनी सांगितलंय. काकू भांडायला आल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "बघ गं, काही करता आलं तर." भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्याच आठवड्यात सोसायटीचं पत्रही आलं, आणि मग नातेवाइकांचे फोन. आत्या, दादा, मोठ्या वहिनी, सगळ्यांचं म्हणणं तेच. शेतावर दे.

आता कायद्याचं म्हणाल तर बाजू आमची आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की सोसायटीला, बहुमत असलं तरीही, कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, आणि भुंकणं हे काही त्याचं कारण होऊ शकत नाही. पण हा कागद मी काकूंच्या तोंडासमोर नाचवणार नाही. छातीला टाके पडलेल्या माणसाला कायद्याने झोप लागत नाही. आणि त्याच सूचनांमध्ये, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून मालकाने प्रयत्न करावेत असंही म्हटलंय, ते आपण सोयीने वाचत नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. 'भुंकणं बंद कसं करू?' हा प्रश्नच उलटा आहे. आधी 'कशाला भुंकतोय?' हे विचारायला हवं. लांडगे मोठे झाल्यावर फारसे भुंकत नाहीत. भुंकणं वाढलं ते माणसाजवळ राहणाऱ्या कुत्र्यात. बुडापेस्टच्या संशोधकांनी मुदी जातीच्या कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं होतं. निष्कर्ष २००५ साली छापून आले. अनोळखी माणूस आलाय, एकटं बांधून ठेवलंय की खेळ चाललाय, हे लोकांना नुसत्या आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता आलं. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नाही त्यांनासुद्धा! म्हणजे तो बोलतोय आणि आपल्याला कळण्यासारखं बोलतोय.

म्हणून मी एक वही केली. वेळ, कारण, किती मिनिटं. घरात सगळे हसले, पण पंधरा दिवसांत त्या वहीने जे सांगितलं ते कुणीच सांगितलं नव्हतं. आमची समजूत होती की हा एकटा असताना धिंगाणा घालत असेल. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर गेलो, तर साहेब चक्क घोरत होते. (तुमचा कुत्रा एकटं राहिल्यावरच भुंकत किंवा रडत असेल, तर ती भीती आहे. ते प्रकरण वेगळं, त्यासाठी जाणकाराकडे जा. आणि एकाएकी भुंकायला लागला तर आधी डॉक्टर, कारण दुखत असलं तरी कुत्रं असंच सांगतं.) आमच्याकडचं निम्म्याहून जास्त भुंकणं दुपारी, गॅलरीत आणि खाली येणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांवर होतं.

आता हे गुंड्याच्या बाजूने बघा. अनोळखी माणूस पिशवी घेऊन फाटकातून आत येतो. गुंड्या भुंकतो. माणूस निघून जातो. तो पार्सल देऊन जाणारच होता हे गुंड्याला कोण सांगणार? त्याच्या हिशेबी मोहीम फत्ते! दिवसातून दहा वेळा जिंकणारा गडी लढाई कशाला सोडेल? त्यात घरातली माणसं "गप्प बस!" म्हणून ओरडली की त्याला वाटत असणार, वा, सगळी फौज मदतीला आली.

बाजारात भुंकल्यावर गळ्याला झटका देणारे पट्टे मिळतात. एका स्नेह्यांनी प्रेमाने आणून दिला होता, तितक्याच प्रेमाने परत केला. झटक्याने आवाज जातो, आवाजामागची भीती जात नाही. उलट अनोळखी माणूस दिसला की मान भाजते, एवढंच ते कुत्रं शिकतं. आणि भुंकून सांगायची सोय काढून घेतलेलं कुत्रं न सांगता चावू शकतं. ते परवडेल का?

तर आम्ही काय केलं? गॅलरीच्या जाळीला खालून तीन फूट उंचीपर्यंत कापड लावलं. दिसेना, भुंकेना. हा उपाय इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते. बेलचं काम चिकाटीचं निघालं. मुलाने बाहेर जाऊन बेल वाजवायची, मी गुंड्याच्या सतरंजीवर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकायचे. रोज पाच-सहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात बेल वाजल्यावर तो दाराकडे न जाता सतरंजीकडे पळाला तेव्हा मुलाने बाहेर अक्षरशः नाच केला. (बक्षीस म्हणून मनुके, चॉकलेट, कांदा घातलेलं काही देऊ नका, विषारी असतं.) आणि तिसरं म्हणजे फिरणं. सकाळी पाऊण तास, आणि त्यात घाई नाही. त्याला प्रत्येक खांब, प्रत्येक टायर हुंगू द्यायचा. आपलं वर्तमानपत्र असतं तसं ते त्याचं. नाक दमलं की कुत्रं दुपारी झोपतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये यासाठी १९६० साली जो कायदा झाला, त्याच्या अकराव्या कलमात एक गोष्ट आहे जी सोसायटीच्या पत्रात कधी येत नाही. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. भुंकणं हा कुत्र्याचा गुन्हा असल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही :-)

आणि वयाचं काय? न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०२० मध्ये मार्गदर्शक कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचं असताना सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकून बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकतं. परक्याचं मात्र ऐकतं! हे वाचून माझी एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे थेट माझा नववीतला मुलगा." हे दिवस सरतात. पण 'शेतावर' रवानगी होते ती नेमकी याच वयात. म्हणून तर राग येतो. पोराचा आवाज फुटला म्हणून त्याला घराबाहेर काढलं असतं का कुणी?

सगळं सुटलं असं नाही. रात्री कोपऱ्यावरच्या मंडळींनी सूर लावला की आमच्या गायकालाही राहवत नाही. तेव्हा खिडकी लावायची, पंखा मोठा करायचा, एवढंच जमतं. सिलिंडरवाल्याशी त्याचं काय वैर आहे ते वहीलाही कळलेलं नाही. पण दुपारी दोन ते चार घर शांत असतं. काकू परवा जिन्यात भेटल्या तेव्हा काकांच्या तब्येतीबद्दल बोलल्या, गुंड्याचा विषय निघालाच नाही.

गणपतीला येणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. बेल वाजवलीत की दार उघडायला मिनिटभर लागेल, तोवर पुन्हा पुन्हा वाजवू नका. आत आल्यावर त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, आणि दादा, तू विशेषतः ओरडू नकोस. नेवैद्याचा मोदक त्याला कुणीही द्यायचा नाही. सतरंजीवर टाकायला चिकनचे तुकडे त्या दिवशी चालणार नाहीत, म्हणून पनीर आणून ठेवते.