विषय वयाचा, भाषा सोपी

वाचनाचा कंटाळा असलेला किशोर आणि वाचताना अडखळणारा किशोर मुळात वेगळे असतात. पहिल्याला वाचता येते, पण वाचावेसे वाटत नाही. दुसऱ्याची शक्ती अक्षरे जुळवण्यातच संपते. मात्र जे जमत नाही ते टाळले जाते, आणि टाळल्याने ते आणखी जमेनासे होते. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सलग वाचता आला नाही. अशा मुलांसाठी सोप्या भाषेत, पण पकड घेणारे कथासाहित्य मुद्दाम लिहिले जावे, या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की, सोपे लेखन हे हलके लेखन असते. अँथनी मॅकगोवन यांची ‘लार्क’ ही कादंबरिका त्याला चोख उत्तर देते. यॉर्कशायरच्या माळरानावर फिरायला गेलेले दोन भाऊ हिमवादळात सापडतात, एवढेच तिचे कथानक. अडखळत वाचणाऱ्यांसाठी पुस्तके काढणाऱ्या एडिंबरोच्या ‘बॅरिंग्टन स्टोक’ने ती प्रकाशित केली आणि २०२० मध्ये तिला ब्रिटनमधील मानाचे कार्नेगी पदक मिळाले.

दुसरा आक्षेप असा की, सोप्याची सवय लागली की मूल तिथेच अडकते. प्रत्यक्षात वाचनाचा ओघ वाचूनच येतो. चांगले वाचणारे अधिक वाचतात आणि पुढे जातात, कच्चे वाचणारे मागेच पडत जातात. वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये या दरीला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले. न वाचलेल्या अवघड पुस्तकापेक्षा वाचून संपवलेले सोपे पुस्तक ही दरी कमी करायला अधिक उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात येतो: मग बालवाङ्मयच द्यावे. परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती वर्गमित्रांदेखत ससा-कासवाची गोष्ट देणे हा त्याचा अपमान आहे. त्याचे वाचन कच्चे असते. राग, मैत्री, प्रेम, घरातील ताण यांची समज कच्ची नसते.

म्हणून विषयाचे वय आणि वाचनाची पातळी ही दोन मापे वेगळी धरावी लागतात. मराठीत पहिली अडचण वाक्यरचनेची. ‘पावसाने घसरड्या झालेल्या पायवाटेवरून अंधारात चाचपडत निघालेल्या समीरला मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू आला’ या वाक्यात समीर येईपर्यंतच वाचक दमतो. ‘पायवाट घसरडी होती. समीर अंधारात चाचपडत निघाला. मागे पावले वाजली.’ येथे प्रसंग तोच राहतो, भीती उलट वाढते. याशिवाय पहिल्याच पानावर पेच, मोजकी पात्रे, लहान प्रकरणे, संवादांतून पुढे सरकणारी गोष्ट, जोडाक्षरांची कमी गर्दी, मोकळी छपाई आणि मोठ्यांच्या पुस्तकासारखे मुखपृष्ठ, एवढी पथ्ये पाळावी लागतात. साहस आणि वेग यांची वाट भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ने मराठीत आधीच घालून दिली आहे, तिला आजच्या किशोरांचे प्रश्न आणि कच्च्या वाचकाची सोय जोडायची आहे.

अक्षरे जुळवणे शिकवण्याचे काम गोष्ट करू शकत नाही. त्यासाठी शिक्षकाची पद्धतशीर मदतच हवी. पण शिकलेले पुन्हा पुन्हा वापरण्याचे कारण गोष्टच पुरवते. त्यामुळे असे साहित्य शाळेच्या ग्रंथालयात दयेपोटी ठेवायची वस्तू नाही. तो या मुलांचा वाचक म्हणून हक्क आहे.