पहिलं वर्ष वसतिगृहातच
प्रवेशाचे दिवस आले की जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या आसपास, खोली शोधणारे बाप-लेक दिसू लागतात. परवा एका वडिलांनी आधी नळ सोडून पाहिला, मग भाडं विचारलं. जालन्यात आधी पाणी, मग भाडं, हाच क्रम बरोबर. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ मध्ये इथे सुरू झाला आणि अभियांत्रिकीसाठी बाहेरगावची पोरं जालन्यात येऊ लागली, याचा मला फार आनंद आहे. पण वसतिगृहात जागा मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढा. गावातल्यांनीही, आणि मुलींनी तर नक्कीच, कारण ‘घर जवळ आहे की’ म्हणून आपण त्यांनाच घरी ठेवून घेतो. मैत्री वर्गात होत नाही. ती रात्री अकराला, उद्याचं जर्नल अपुरं असताना, कुणाच्या तरी घरून आलेल्या चिवड्याच्या डब्याभोवती जमते. मेसच्या भाजीला नावं ठेवायलाही चार जण लागतात! खोली घ्यायचीच तर दुसऱ्या वर्षी घ्या, पारखलेले तिघे मिळून. रविवारी मात्र कुंडलिका नदी ओलांडून जुना आणि नवा, दोन्ही जालना पायी हिंडा, मोती तलावावर बसा. बाहेरच्यांना तिथवर नेणं हे गावातल्या मुलांचं काम आहे, आणि ते त्यांनी पहिल्याच महिन्यात करावं.